कै. रे. नारायण वामन टिळक : त्यांच्या काव्याचा उन्हाळा आणि पावसाळा



धाराशिव जिल्ह्याच्या दक्षिणेस, उमरगा तालुक्यात, कर्नाटकाच्या सीमेजवळ मुरूम नावाचे गाव आहे. ज्या भुसभुशीत, तांबूस-पिवळ्या खडकास आपण शेतकरी लोक मुरूम म्हणतो, तेच या गावाचे नाव. त्या बाजूची जमीन ज्यांनी खणली आहे त्यांस ठाऊक आहे की, वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याच्याही खाली काळा पाषाण लागतो. आणि पाणी मिळते ते बहुधा मुरुमाच्या थरात व पाषाणाच्या चिरांत. वैशाखात विहीर आटली म्हणजे जाणता शेतकरी नवी विहीर खणावयास लगेच दुसरीकडे धावत नाही. तो प्रथम आपल्याच विहिरीत उतरतो, तळचा गाळ उपसतो आणि झऱ्याचे तोंड कोठे बुजले आहे ते हाताने चाचपून पाहतो.

आम्ही आज ज्यांची हकीकत सांगणार आहोत त्यांस आमच्या मंडळ्यांतील लहान पोरेही नावाने ओळखतात. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची भजने आपण दर रविवारी गातो. परंतु हीच भजने रचणाऱ्या पुरुषाच्या आयुष्यातही विहीर आटण्याचा काळ आला होता हे पुष्कळांस ठाऊक नसते. ते या चरित्रात आम्हांस विशेष वाटते, म्हणून तेवढ्याच भागावर आम्ही अधिक रेंगाळणार आहोत. मुरूम व आसपासच्या खेड्यांत काम करणाऱ्या आमच्या उपदेशक बंधूंस नाताळाकरिता नवे भजन हवे असते, सुगीच्या उपकारस्तुतीकरिता नवे कीर्तन हवे असते, आणि कंदिलाजवळ पाटी घेऊन बसले तरी एक ओळ सुचत नाही, असे प्रसंग येतात. त्यांस ही हकीकत परकी वाटणार नाही.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव कडक स्वभावाचे. आई जानकीबाई मोठी भक्तिमान व कोमल मनाची होती. कवितेचे वेड टिळकांस तिच्याकडूनच मिळाले असे म्हणावयास हरकत नाही. टिळक अकरा-बारा वर्षांचे असतील नसतील तोच ही माउली वारली. आईच्या मागे घरात मन रमेना, तेव्हा हा मुलगा घर सोडून नाशिकास गेला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्या पायांशी बसून त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले, इंग्रजीही थोडेबहुत पदरात पाडून घेतले. सन १८८० च्या सुमारास नाशिकजवळच्या जलालपूर गावच्या गोखल्यांच्या मनकर्णिकेशी त्यांचे लग्न झाले. हीच मुलगी पुढे लक्ष्मीबाई टिळक म्हणून महाराष्ट्रास परिचित झाली. लग्नात तिचे वय अकरा-बारा वर्षांचे, आणि तिला अक्षरओळख नव्हती. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी; तिचा उपयोग पुढे होणार आहे.

पुढील दहा-बारा वर्षे टिळक एका जागी टिकले नाहीत. कोठे मास्तरकी करावी, कोठे पुराण सांगावे, कोठे कीर्तन करावे, आणि मनात आले म्हणजे घरी कोणास न सांगता चालते व्हावे, असा त्यांचा क्रम होता. हाती आलेला पैसा हाती राहत नसे. लक्ष्मीबाईंनी या दिवसांचे वर्णन आपल्या स्मृतिचित्रांत केले आहे. ते वाचताना हसूही येते आणि त्या बाईने काय सोसले असेल याचा विचार करून मन गलबलूनही जाते. नागपुरास श्रीमंत बुटी यांच्या आश्रयाने काही काळ ग्रंथांचे काम मिळाले. या सर्व धावपळीत कविता मात्र कधी मागे राहिली नाही. ती त्यांच्या झोळीतच असे. फुलांवर, मुलांवर, पाखरांवर त्यांचा एवढा जीव की, पुढे महाराष्ट्राने त्यांस फुलामुलांचे कवी असे नावच दिले. जखमी होऊन पिलांकडे परतणाऱ्या पक्षिणीवरची त्यांची कविता मराठी शाळांतील कित्येक पिढ्यांनी डोळे पुसत पाठ केली आहे.

सन १८९३ मध्ये ते नागपुराहून राजनांदगावास आगगाडीने निघाले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ होते. संस्कृत काव्यावरून बोलणे निघाले, बोलता बोलता ते धर्माकडे वळले, आणि उतरतेवेळी त्या गृहस्थांनी नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हाती देऊन, दोन वर्षांच्या आत आपण ख्रिस्ती व्हाल असे भविष्य केले. टिळकांस हे बोलणे अर्थातच रुचले नाही. पण पुस्तक वाचीन असे वचन दिले होते, आणि वचनास ते पक्के होते. वाचता वाचता मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी ते आले आणि तेथेच खिळून गेले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या गृहस्थांचे भविष्य खरे ठरले.

या निर्णयाची किंमत काय पडली ते येथे थोडक्यातच सांगतो. नातलग तुटले, जात तुटली, मित्र दुरावले. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन माहेरच्या माणसांत राहिल्या. काही दिवस पंढरपुरासही होत्या. ही ताटातूट काही वर्षे चालली. अखेर त्या नवऱ्याकडे परत आल्या, आणि सन १९०० मध्ये राहुरी येथे त्यांचा व दत्तूचा बाप्तिस्मा झाला. टिळक तोवर अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनच्या कामात रुळले होते. उपदेशक तयार करणाऱ्या शाळेत शिकवणे, मिशनरी लोकांस मराठी व संस्कृत समजावून देणे, प्रवचने करणे, आणि दुष्काळात पोरकी झालेली मुले घरात आणून ठेवणे, अशी त्यांची दिनचर्या असे. घरात अन्नाची चणचण असतानाही मुलांची संख्या वाढतच असे, आणि त्यांचे करणे-सवरणे लक्ष्मीबाईंच्या माथी येई.

आता आम्ही मुख्य गोष्टीकडे येतो.

देवाकडून एवढे मोठे दान मिळालेल्या कवीच्या मुखातून बाप्तिस्म्यानंतर भक्तिगीतांचा पूर लोटावयास हवा होता, असे कोणालाही वाटेल. तसे झाले नाही. टिळकांची लेखणी थांबली असे आम्ही म्हणत नाही. ती चालत होती. परंतु चालणारी लेखणी आणि वाहणारा झरा या दोन वस्तू वेगळ्या आहेत. त्या काळी मंडळ्यांच्या उपासनेत विलायती चालींचा भरणा मोठा होता. इंग्रजी गीत घ्यावे, त्याचा अर्थ मराठीत उतरवावा, आणि तोही मूळच्या चालीवर बरोबर बसेल असा उतरवावा, हे काम मराठी जाणणाऱ्यास करावे लागे. टिळकांनीही ते केले.

हे काम किती अवघड आहे याची कल्पना ज्याने केले असेल त्यासच येईल. इंग्रजी भाषा शब्दातील एका अक्षरावर जोर देऊन चालते. मराठी ऱ्हस्वदीर्घाने चालते. चाल जेथे सूर ताणावयास लावते तेथे नेमके मराठीत ऱ्हस्व अक्षर येते, आणि जेथे झटकन पुढे जावयाचे तेथे दीर्घ अक्षर पाय अडकवते. शब्द मध्येच तुटतो. त्याचे अर्धे अंग एका ओळीत आणि अर्धे दुसऱ्या ओळीत राहते. पाठ करून गाता येते, पण गाणाऱ्या म्हातारीस आपण काय म्हणतो आहोत ते उमजत नाही. अशा गीतांत पुष्कळ वेळा शिकवण निर्दोष असते, यमकेही जुळलेली असतात, आणि तरीही ती जात्यावर बसलेल्या बाईच्या ओठी येत नाहीत. टिळकांसारख्या जन्मजात कवीस हे कळल्यावाचून कसे राहील? गाण्याची परीक्षा देवळात होत नसून देवळाबाहेर होते हे त्यांनी ओळखले.

दुसरीही एक उपासमार चालली होती, ती अधिक खोल होती. ज्या संतांच्या अभंगांवर व ओव्यांवर ते लहानाचे मोठे झाले होते, ज्यांच्या आधारे त्यांनी कीर्तने केली होती, त्यांच्यापासून ते दूर पडले होते. जुने घर सोडताना मनुष्य पुष्कळदा घाईत असतो. टाकावयाच्या वस्तूंबरोबर ठेवावयाच्याही टाकून येतो. दोष कोणाचा हे शोधण्यात हशील नाही. नवा विश्वास नव्या भांड्यातच ठेवला पाहिजे असे त्या काळी अनेक प्रामाणिक माणसांस वाटे. पण आमच्या मते टिळकांच्या भक्तिकाव्याच्या उन्हाळ्याचे कारण हेच होते. त्यांचा विश्वास आटला नव्हता आणि त्यांची प्रतिभाही मेली नव्हती. दोहोंना जोडणारी वाट बुजली होती.

मग त्यांनी केले काय? शेतकरी करतो तेच. ते आपल्याच विहिरीत उतरले. तुकारामबोवांची गाथा, ज्ञानेश्वर, नामदेव हे पुन्हा हाती आले. आणि वाचता वाचता त्यांच्या ध्यानात आले की, ज्या ख्रिस्ताकडे आपण आलो त्याच्याकडे येण्याची वाट या संतांनीच आपल्या मनात पूर्वी बांधून ठेवली होती. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते पुढे सांगत. पूल ओलांडल्यावर तो मोडून टाकण्याचे कारण नाही, हा त्यांस झालेला बोध होता. पलीकडच्या तीरावर उभे असलेले आपले लोक त्याच पुलावरून येणार होते.

अभंगाची बांधणी किती साधी आहे ते पाहा. मोठ्या अभंगास चार चरण. पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरे आणि चौथ्यात चार. दुसऱ्या व तिसऱ्या चरणांचे यमक जुळते. ऱ्हस्वदीर्घाचे कडक बंधन नाही, मात्रांचा हिशेब नाही. श्वास जेथे संपतो तेथे चरण संपतो. ओवी तर याहूनही मोकळी. जात्याच्या खुंट्याभोवती ती आपोआप फिरते. विद्वान पंडित या छंदांस कमी लेखीत असत, कारण यांत चमत्कृतीला जागा नाही. परंतु ज्यास हृदयातील गोष्ट सरळ सांगावयाची आहे त्यास याहून चांगले भांडे नाही. टिळकांस आर्या येत होत्या, श्लोक येत होते, इंग्रजी सुनीताचा घाटही त्यांस परका नव्हता. एवढे सर्व येत असताना त्यांनी भक्तीकरिता अभंग व ओवी हातात घेतली, आणि विहिरीस पाणी लागले.

टाळ, वीणा, मृदंग ही वाद्ये आणि कीर्तनाची पद्धत यांविषयीही त्यांचा असाच आग्रह असे. या बाबतीत ते पहिलेच होते असे मात्र म्हणता येणार नाही. नगर येथे कृष्णराव रत्नोजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाचा पाया त्यांच्या पुष्कळ अगोदर घातला होता. टिळकांनी त्या पायावर कवितेची भिंत चढविली.

टाळमृदंगाने देऊळ आठवते, ते मंडळीत कशाला, अशी शंका तेव्हा घेतली जाई, आणि आजही क्वचित घेतली जाते. शंका घेणाऱ्यांत काही आमचे लोक असे होते की, ज्यांच्या वडिलांस अस्पृश्य म्हणून देवळाच्या पायरीशीही उभे राहू दिले नव्हते. ज्या दारातून आपल्याला हाकलले तेथील गाणे आपण का गावे, हा त्यांचा प्रश्न पोकळ नव्हता, आणि एका ब्राह्मण कवीस त्याची धग आपल्याइतकी लागली असेल असे आम्हांस वाटत नाही. तथापि दुसरीही बाजू आहे. अभंग हा देवळाच्या पुजाऱ्याने रचलेला नव्हे. तुकाराम वाणसामान विकणारे कुणबी, नामदेव शिंपी, आणि मंगळवेढ्याचे चोखोबा तर महारच, ज्यांस पंढरीच्या देवळाबाहेर राहून गावे लागले. जात्यावरच्या ओव्या आमच्या आयांच्या आहेत. हलगी आणि सनई कोणाच्या हातांनी वाजत आली हे गावात कोणास सांगावयास नको. तेव्हा टिळकांनी ब्राह्मणांचे लेणे आणून आम्हांवर चढविले असे नसून, जे आमचेच होते ते आम्हांस परत दिले, असे आमचे मत आहे. खेड्यातील माणसांनी त्यांची भजने एवढ्या लवकर उचलली याचे कारणही यातच असावे.

झऱ्याचे तोंड मोकळे झाले तरी पाणी टिकण्यास वरून पाऊस लागतोच. टिळकांच्या बाबतीत तो पाऊस माणसांच्या रूपाने आला. सन १९०७ मध्ये जळगावास मराठी कवींचे पहिले संमेलन भरले. महाराष्ट्रातील नामांकित कवी जमले होते. टिळक आणि लक्ष्मीबाईही गेली होती. तेथे धरणगावचा एक सोळा-सतरा वर्षांचा, बुजऱ्या चेहऱ्याचा मुलगा उभा राहिला आणि त्याने आपली कविता म्हणून दाखविली. सभा थक्क झाली. अध्यक्ष डॉक्टर कीर्तिकर यांनी त्यास बालकवी ही पदवी दिली. त्र्यंबक बापूजी ठोमरे ते हेच.

पुढे हा मुलगा नगरास येऊन टिळकांच्या घरी राहिला. टिळक तेव्हा पन्नाशीजवळ पोहोचलेले, नाव झालेले कवी. अशा वयात घरात एखादा उमलता कवी आला म्हणजे मोठ्या कवीस दोन मार्ग असतात: एक, त्यास शिष्य करून आपल्यासारखे लिहावयास लावणे, आणि दुसरा, त्याच्या डोळ्यांनी पुन्हा पाहावयास शिकणे. टिळकांनी आपला धर्मही त्याच्यावर लादला नाही आणि आपली शैलीही लादली नाही. ठोमरे हिंदू होते ते हिंदूच राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांस पोटच्या पोरासारखे वागविले. त्यांचे रुसणे, न जेवणे, पुन्हा हसणे यांचे जे चित्र स्मृतिचित्रांत आहे त्याहून जिवंत चित्र बालकवींचे अन्यत्र नाही. त्या घरात रोज कविता वाचल्या जात, आणि चूल फुंकता फुंकता लक्ष्मीबाईही त्यांत आपले मत देत. या मुलाचा शेवट मात्र फार दुःखाचा झाला. ५ मे १९१८ रोजी खानदेशातील भादली स्टेशनाजवळ आगगाडीखाली सापडून, अठ्ठावीस वर्षेही पुरी झाली नसताना, बालकवी गेले.

सन १९१२ पासून ज्ञानोदय साप्ताहिकाच्या मराठी भागाचे संपादन टिळकांकडे आले. हे पत्र सन १८४२ मध्ये नगरास निघालेले. संपादक होणे म्हणजे दर आठवड्यास काही ना काही लिहिणे भाग. पुष्कळांस वाटते की अशा सक्तीने कवी मरतो. टिळकांचे उलट झाले. ज्ञानोदयातून त्यांची अभंगांजली वाचकांपुढे येऊ लागली, आणि त्यांच्या भक्तिकाव्यातील सर्वांत पक्व फळे याच वर्षांतील आहेत. आठवड्याचा नेम आणि अभंगासारखे लहान भांडे यांचा मेळ बसला असे आम्हांस दिसते. रोज घागर-घागर उपसली तर विहिरीस नवे पाणी येत राहते. महिनोन् महिने न उपसता ठेवली तर शेवाळ धरते.

येथपर्यंतची हकीकत ऐकून कोणास वाटेल की, एकदा युक्ती सापडली म्हणजे सर्व काही सुरळीत होते. तसे नाही, आणि ते लपविणे वाचकांशी अप्रामाणिकपणाचे होईल. सन १९०९ मध्ये टिळकांनी एक फार मोठे काम आरंभिले होते. रामायण जसे घरोघर वाचले जाते तसे ख्रिस्ताचे चरित्र मराठी ओवीत रचावे, त्याचे नाव ख्रिस्तायन ठेवावे, आणि ते खेड्यापाड्यांतील माणसांनी संध्याकाळी दिव्याजवळ बसून वाचावे, असा त्यांचा मनोदय होता. असे काम मराठीत पूर्वी एकदा झाले होते: गोमंतकात फादर स्टीफन्स यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण रचिले, ते सन १६१६ मध्ये छापले गेले. तीनशे वर्षांनी टिळकांनी तोच नांगर पुन्हा हाती घेतला.

हा नांगर मात्र शेताच्या कडेशीच अडला. आरंभीचे थोडे अध्याय झाले आणि काम रेंगाळले. वर्षे जात राहिली. अभंग होत होते, गीते होत होती, लेख होत होते; ख्रिस्तायन पुढे सरकत नव्हते. आमचा तर्क असा आहे की, टिळकांचा स्वभावच या कामाच्या आड आला. एका श्वासात येणारे काव्य त्यांस सहज साधे. वर्षानुवर्षे एकाच बैठकीवर बसून, आज सुचो वा न सुचो, कालच्या ओवीपुढे आजची ओवी ठेवणे हे दुसऱ्याच जातीचे काम आहे. त्यास प्रतिभेपेक्षा चिवटपणा अधिक लागतो, आणि जो मनुष्य आयुष्यभर मनात आले की उठून चालू लागला, त्याच्यापाशी तो कोठून यावा?

सन १९१७ मध्ये ते पुन्हा एकदा उठले. मिशनची नोकरी व पगार त्यांनी सोडला, संन्यस्त वृत्ती पत्करिली आणि सातारा येथे राहून देवाचा दरबार स्थापन केला. ख्रिस्तावर प्रेम करणाऱ्या कोणाही मनुष्यास, मग त्याचा बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, या दरबारात जागा होती. काहींस हे आवडले, काहींस आवडले नाही. जुन्या सोबत्यांपैकी कित्येकांस वाईट वाटले. या प्रयोगास मुळे धरण्यास अवधीच मिळाला नाही. प्रकृती ढासळत गेली, आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांनी देह ठेवला. बालकवींस जाऊन तेव्हा एक वर्ष आणि चार दिवस झाले होते.

ख्रिस्तायनाची वही अपुरीच राहिली.

ती लक्ष्मीबाईंच्या हाती आली. वाचकांस आठवत असेल की, लग्नात या बाईस अक्षर येत नव्हते. लिहिणे-वाचणे ती नवऱ्याच्या घरी आल्यावर शिकली, आणि तेही चूल, पोरे व नवऱ्याचे एकाएकी नाहीसे होणे यांतून जो वेळ उरे त्यात. तिचे शिक्षण असे ते काहीच नव्हते. पण दळताकांडता ओवी तिच्या अंगात मुरलेली होती, आणि टिळकांपाशी ज्या गुणाची उणीव होती तो चिवटपणा तिच्यापाशी भरपूर होता. पुत्र देवदत्त यांच्या आग्रहावरून तिने आपल्या आठवणी लिहिल्या. त्यांचा पहिला भाग सन १९३४ मध्ये निघाला, आणि स्मृतिचित्रे या नावाने त्या मराठीतील उत्तम आत्मचरित्रांत गणल्या जातात. त्यात ना पांडित्य आहे, ना अलंकार. शेजारणीस गोष्ट सांगावी तशी ती सांगितली आहे.

नवऱ्याची लेखणी ज्या ओवीपाशी थांबली होती तेथूनच तिने पुढे लिहावयास घेतले. वय उतरले होते, अंगात पूर्वीची शक्ती राहिली नव्हती. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई वारल्या. ख्रिस्तायनात त्यांच्या हातचे ६४ अध्याय आहेत.